तांबरमच्या अलीकडे

...जायफळ. तिकीट शोधताना बोटांना लागलं ते. रुमालाच्या गाठीत, गोटीसारखं कठीण, एका अंगानं झिजून सपाट झालेलं. आणि त्या सपाट तोंडावर अजून ओल होती. सकाळची ओल.

"दोन घरचें मरुंदु एका पोटांत जाऊं देऊं नये, पोरी." सकवारबाई म्हणाल्या होत्या. कधी बरं? लेक तुळसी तीन महिन्यांची होती तेव्हा. मरुंदु म्हणजे औषध, हे सरोजिनीला तोवर कळू लागलं होतं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या या तंजावरी मराठी म्हाताऱ्या बाई, नऊ वारी नेसणाऱ्या, देवाशी मराठीत आणि भाजीवालीशी तमिळमध्ये भांडणाऱ्या, आपल्या सहाणेवर गुटी उगाळून दाखवीत होत्या. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन. जायफळाचे दोनच. तिसरा नाही. "आमच्या घरीं चार सुना होत्यों. एकीनें गुटी दिली कीं तिनें पाप्पाच्या, बाळाच्या, डाव्या पायाच्या तळव्याला काजळाचा ठिपका लावायचा. दुसरीनें सहाणेला हात लावायच्या आधीं तळवा पाहायचा. नाहीं तर काय, एकीला ठाऊक नाहीं दुसरीनें दिलें तें. माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा..." आणि त्या सहाणेवरचं चाटण बोटानं एकत्र करीत राहिल्या होत्या.

आणि सरोजिनी हसली होती. मोठ्यानं नव्हे, पण हसली होती. "मावशी, माझ्या घरी मी एकटीच. मी कोणासाठी ठिपका लावायचा? माझ्यासाठीच?"

"लाव कीं. तुझा हात तरी तुला कुठें ठाऊक आहे?"

काजळ, दृष्ट, तीट, ठिपके... पुण्याला कॉलेजात दोन वर्षं तर्कशास्त्र शिकलेल्या मुलीनं या सगळ्याचा एक गठ्ठा करून माळ्यावर टाकला होता. संध्याकाळी नवऱ्याला, कृष्णकांतला, तिनं ते नक्कल करून दाखवलं, तोही हसला. त्या दिवशी दोघांना हसायला काहीतरी हवंच होतं.

गाडी चेतपेटहून निघाली. विजेची गाडी, पण खेळण्यातल्यासारखी अरुंद. बायकांच्या डब्यात तिच्याखेरीज तिघीच. एक मोगऱ्याची टोपली मांडीवर घेऊन डुलक्या घेणारी, आणि समोर कोणा दोघी मायलेकी, ज्यांचं बोलणं पावसाच्या सरीसारखं अखंड चाललं होतं आणि त्यातला एकही थेंब सरोजिनीच्या अंगावर पडत नव्हता. तिनं तिकीट मुठीत घट्ट धरलं. मागं एळुंबूरला, म्हणजे एग्मोरला, चढताना काढलेलं. एळुंबूर ते तांबरम. जाऊन येऊन. तांबरम म्हणजे शेवटचं स्टेशन. तिथं उतरायचं, फलाटावर एक कॉफी प्यायची, आणि पुढच्या गाडीनं परत यायचं. बस, एवढंच. कोणालाही सांगितलं तर हसेल असं. पण सव्वीस वर्षांत सरोजिनी एकटी कुठं गेली नव्हती, म्हणजे अगदी कुठंच. सांगलीहून पुण्याला दादा पोचवायला. वसतिगृहातून कॉलेजात मुलींचा घोळका. लग्नानंतर मद्रासला येताना शेजारी कृष्णकांत, आणि मद्रासमध्ये दोन वर्षं खिडकी. चैत्रात माहेरी जायचं ठरलं तेव्हा नेहमीसारखं दादाचं पत्र आलं, 'घ्यायला येतो.' आणि कुठून आलं कोण जाणे, तिनं उलट टपाली लिहिलं, 'येऊ नकोस. मुलीला घेऊन मी एकटी येईन.' पत्र पेटीत टाकल्यावर रात्रभर ती हिशेब करीत राहिली. दोन रात्रींचा प्रवास, मधे गाडी बदलायची, हमाल, पाणी, दूध, कडेवर मूल... कृष्णकांत कचेरीचा सदरा उतरवत म्हणाला होता, "तू? तू भीतीची पदवीधर आहेस, सरू. दूध उतू गेलं तरी तुला अपशकुन वाटतो."

म्हणून आजचा हा सराव. त्यालाही न सांगता. आणि घराचा उंबरा ओलांडताना एकच गोष्ट ठरवली होती: आज भीतीचं ऐकायचं नाही. ती येईल, ती येतेच, तिला शेजारी बसू द्यायचं, पण उतरायचं नाही. काही झालं तरी तांबरम.

सकवारबाईंना मात्र तिनं सांगितलं होतं, दवाखान्यात दात दाखवायला जाते. का? 'एकटी फिरायला जाते' हे कुठल्या तोंडानं सांगायचं म्हणून. आणि तुळसी आठवडाभर कुरकुरत होती, दात येताहेत, क्षणभर खाली ठेवू देत नाही. म्हाताऱ्या बाईंना चार-पाच तास कसं झेपायचं, म्हणून... म्हणून सकाळी सात वाजता दार लावून घेऊन तिनं सहाण मांडली. एक. दोन. तुळसी पायाशी रांगत होती. तीन. थोडी झोपली तर काय बिघडतं? चार. पाचवा वेढा तिनं मोजला की नाही? मोजला. मोजला तर होता. म्हणून तर जायफळ रुमालात बांधून पर्समध्ये लपवलं. गुन्हेगार हत्यार लपवतो तसं.

नुंगंबाक्कम. कोणी चढलं नाही.

तिनं अंगठा नाकाशी नेला. वास होता अजून, गोड, जड, श्रीखंडाचा, सणाचा वास. घर सोडताना तुळसीचे डोळे जडावले होते. मान सकवारबाईंच्या खांद्यावर अशी पडली, जशी ती कधी पडत नाही. "रात्रभर झोपली नाही हो, मावशी. झोपली तर झोपू द्या." किती सहज खोटं आलं. एका खोट्याला दुसरं चिकटूनच येतं, पापडाला पापड चिकटतात तसं. आणि सकवारबाई मुलीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाल्या, "सेरि, सेरि, बरें. तूं सावकाश ये. मी दहाच्या सुमारास न्हाऊं घालून झोंपवितें."

झोंपवितें.

गाडीची चाकं रुळांच्या सांध्यावरून गेली, खट-खट, खट-खट, आणि तो शब्द त्यांच्याबरोबर सुरू झाला. न्हाऊं घालून झोंपवितें. कसं झोपवतात सकवारबाई? नेहमी कसं झोपवतात? न्हाणीतून बाळ बाहेर आणतात, धुरी देतात, पंच्यात गुंडाळतात; आणि मग आपली सहाण घेतात. न चुकता. 'न्हाल्यावर गुटी, गुटीवर नीज.' तळवा बघतील त्या. बघतीलच; चार सुनांच्या घरातली सवय. डावा पाय उचलतील, डोळ्यांजवळ नेतील, त्यांना हल्ली कमी दिसतं, आणि तळवा कोरा असेल. स्वच्छ, गुलाबी, कोरा. ठिपका नाही, म्हणजे गुटी नाही. म्हणजे द्यायची.

सरोजिनीनं खिडकीच्या गजाला हात घातला. गज तापलेला होता.

किती वाजले? घड्याळात नऊ पन्नास. दहाच्या सुमारास, म्हणजे दहा की सव्वादहा? सकवारबाई उशीर करतात. बंब पेटायला वेळ लागतो. कदाचित अजून पाणीच... उतरावं? गाडी कोडंबाक्कमला थांबली. दार समोर होतं, पाच पावलांवर. आणि ती उठली नाही. कारण आत कोणीतरी शांतपणे म्हणत होतं, ही तीच भीती. हीच ती, नेहमीची. ओळख तिला. बाळंतिणीच्या खोलीत आरसा घेऊन दर तासाला बाळाच्या नाकाशी धरायला लावणारी. कृष्णकांतला यायला वीस मिनिटं उशीर झाला की रस्त्यावर त्याची चप्पल पडलेली दाखवणारी. स्टोव्ह बंद आहे हे तीनदा बघूनही जिन्यावरून परत फिरवणारी. किती वेळा खरी ठरली ती? एकदाही नाही. दोन वर्षांत एकदासुद्धा नाही. आज तिचं ऐकायचं नाही असं ठरलं होतं, आणि तिला ते कळलं, म्हणून आज ती तुळसीला कडेवर घेऊन आली आहे. पाच वेढे. पाच वेढ्यांनी काय होतं? सांगलीला आत्याबाई अंदाजानंच उगाळीत. आपण सगळी वाढलोच की...

सगळी? आत्याबाईंचा मधला मुलगा?

तो तापानं गेला. तापानंच. असं सांगत.

मांबलम. दार पुन्हा समोर. आता माणसं चढली, परकऱ्या पोरी, डबे, छत्र्या, कोणीतरी तिला सरकायला सांगितलं आणि ती सरकली. पाच आणि दोन सात. सकवारबाईंचे दोनच, त्यांचा हात मोजका. पण त्यांचं जायफळ ताजं असतं, जॉर्ज टाउनमधून मुद्दाम आणवलेलं, तेलानं चमकणारं. आणि आपलं? आपण पाच मोजले, पण दाबून उगाळले की हलके? 'तुझा हात तरी तुला कुठें ठाऊक आहे?' म्हातारीला तेव्हाच दिसलं होतं का काही? नणंदेच्या मुलाचं पुढं काय झालं, हे आपण विचारलं नाही. हसत होतो ना.

भित्र्या माणसाला एक खात्री असते, की आपली भीती खोटी असते. त्याच खात्रीवर तो जगतो. खरी भीती आली तर ती कशी ओळखायची हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. सरोजिनी दोन्ही भीती तराजूत घालून बघत होती आणि दोन्हींचं वजन सारखं भरत होतं. तोच घाम, तीच कोरडी जीभ. फरक एकच होता. आरसा धरायची तेव्हा, चप्पल दिसायची तेव्हा, तिनं स्वतः काही केलेलं नसायचं. आज केलं होतं. आजच्या भीतीला हात होते, आणि ते तिचेच होते, त्यांना वास येत होता.

सैदापेट गेलं तेव्हासुद्धा ती बसलेलीच होती. मग पूल आला. खाली अडयार नदी, धोब्यांनी वाळूत पसरलेले कपडे, ओळीच्या ओळी. धोतरं, चादरी, आणि अगदी काठाशी एक लहानसं पांढरं काहीतरी, झबलं असेल, वाऱ्यानं सगळे कपडे हलत होते आणि ते तेवढं ओलं असल्यामुळं हलत नव्हतं. ती उठली. कुणाच्या तरी पायावर पाय पडला. पूल संपला, गाडी मंदावली, आणि पूर्ण थांबायच्या आत ती गिंडीच्या फलाटावर होती.

पुढच्या परतीच्या गाडीला अर्धा तास होता. हे तिला फळ्यावरून कळलं नाही, फळा तमिळमध्ये. तिनं तिकिटाच्या खिडकीत वाकून विचारलं. इंग्रजीत विचारलं, मग हातांनी, मग येत असलेल्या सहा-सात तमिळ शब्दांनी. फोन? फोन स्टेशनात होता, पण रेल्वेच्या कामाचा. बाहेर, रस्त्यापलीकडे, कारखाने. ती निघाली. उन्हात पांढरा पडलेला रस्ता, लॉऱ्या, सायकलींचा लोंढा, एका शेडमधून लेथचा चरचराट. कोणी शिट्टी मारली का? मारली असेल. एका लहानशा कारखान्याच्या दाराशी इंग्रजी पाटी होती, आत पत्र्याच्या आडोशाला टेबल, टेबलावर टाइपरायटर, त्यामागं जाड चष्म्याची एक मुलगी. आणि काळा फोन.

मुलीनं टंकायचं थांबवलं नाही. "यस?"

सरोजिनीनं इंग्रजीत सांगितलं, एक फोन करायचा आहे, घरी लहान मूल आहे. मूल आजारी आहे? नाही. मग?

"मी तिला जायफळ दिलंय," ती म्हणाली. "जास्त. शेजारच्या बाईंना माहीत नाही. त्या पुन्हा देतील."

परक्या भाषेत हे वाक्य इतकं सरळ निघालं की तिलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. मुलीची बोटं थांबली.

"किती जास्त?"

"पाच वेढे उगाळून. दोनच द्यायचे असतात."

"का?"

"मला बाहेर जायचं होतं."

मुलीनं चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, पायापासून वर, चप्पल, साडी, हातातलं चुरगळलेलं तिकीट. आपल्या आईनं बघावं तशी. मग फोन तिच्याकडे सरकवला. "आमच्याकडे पण देतात. माझी आजी द्यायची. पण आजी सांगून द्यायची. मी विजयलक्ष्मी. बोला, मॅनेजर यायच्या आत. घरी फोन आहे?"

"नाही. गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, त्यांच्याकडे आहे."

"दुकानाचं नाव?"

"नाव माहीत नाही. दोन वर्षं रोज बघते." त्या दुकानदाराच्या मनगटावर तीळ आहे. तो सकाळी साडेसातला फळी उघडतो, आधी उजवी मग डावी. दुपारी त्याचा डबा येतो, सुट्टीच्या दिवशी येत नाही. दोन वर्षं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. पाटी तमिळमध्ये होती.

"दोन वर्षं राहता आणि नाव माहीत नाही?" विजयलक्ष्मी म्हणाली. चिडून नव्हे, हिशेब न जुळल्यासारखं. "मग नवरा? नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर तरी?"

तो पाठ होता. जॉर्ज टाउनमधली ती सरकारी कचेरी, तिनं कधीही फिरवला नव्हता तो नंबर, रोज मनात म्हणायची, अडीनडीला. घंटा वाजत राहिली. मग जाड, निवांत आवाज. कृष्णकांत ज्याच्याबद्दल घरी येऊन गोष्टी सांगे तो शिपाई, सुब्बा.

"सार हार्बर पोयिट्टार, अम्मा." साहेब बंदरावर गेलेत. कधी येतील? येतील. जेवायच्या वेळेला. काय सांगू?

तिच्याजवळचे सगळे तमिळ शब्द बाजाराचे होते. किती, नको, उद्या, पुरे. सकवारबाईंच्या अंगाईतला एक होता, तोच तोंडात आला. "कुळंदै... कुळंदै तूंगुदु, सुब्बा." मूल झोपलंय.

"तूंगट्टुम् अम्मा," सुब्बा मायेनं म्हणाला. झोपू दे की.

विजयलक्ष्मीनं तिच्या हातातून फोन घेतला. आणि मग तमिळचा असा मारा सुरू झाला की लेथचा आवाजही मागं पडला. तिरुवल्लिकेणी, म्हणजे आपला भाग... पाप्पा... जादिक्काय... हे जायफळ असणार. मधेच हात फोनवर ठेवून, "घराची खूण?" सरोजिनी सांगत गेली, ती तमिळ करीत गेली. मग फोन ठेवला.

"तो म्हणतो, टेबल सोडून जाता येत नाही, आज दुसरा माणूस नाही. मी म्हटलं, तुझ्या घरी मुलं आहेत का? म्हणाला, चार. मी म्हटलं, मग जा."

"जाईल?"

"जातो म्हणाला नाही. जात नाही असंही म्हणाला नाही." तिनं कागद पुन्हा टाइपरायटरमध्ये सारखा केला. मग न बघता, "बी.ए. आहात?"

"हो."

"मीपण," विजयलक्ष्मी म्हणाली. "पळा आता, गाडी चुकेल."

गाडी चुकली नाही, गाडी अजून आलीच नव्हती. फलाटावर ऊन, सिमेंटचं बाकडं, आणि दहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. रूळ सरळ जाऊन जिथं एकत्र मिळाल्यासारखे दिसतात तिथं काहीच हलत नव्हतं. आता तिच्या लक्षात आलं, आपण दोन रस्ते ओलांडले, दोन परक्या पुरुषांशी आणि एका बाईशी बोललो, कोणाच्या तरी कारखान्यात शिरलो, जे कोणाला कधी सांगितलं नसतं ते पहिल्याच माणसाला सांगून टाकलं. आणि यातल्या कशाचीही भीती वाटली नाही. वाटायला वेळच नव्हता. कालपर्यंत हे कळलं असतं तर आनंदानं रडू आलं असतं. आज ते एखाद्या दुसऱ्या बाईचं सामान चुकून आपल्याजवळ आल्यासारखं वाटलं, ठेवायचं कुठं कळेना. तिला बसवेना. फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली, पुन्हा गेली. न्हाणं झालं असेल. धुरी झाली असेल. किंवा पाणी तापलंच नसेल, किंवा सकवारबाईंना आज कंटाळा आला असेल, किंवा मानेचा तो लोंबता भार बघून त्यांना कळलं असेल, त्या जुन्या आहेत, त्यांना कळतं... किंवा सुब्बा सायकलवर टांग टाकून... किंवा टेबलाशीच.

बाकड्यावर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. ती त्याच्यापाशी गेली आणि त्याला सांगितलं. त्याला मराठी येत नव्हती हे तिला नंतर कळलं. हमालाला सांगितलं. आतापर्यंत जन्मभर मी, सरोजिनी, गप्प राहिले, काही विचारायचं झालं तर दादाला, मग ह्यांना, 'तुम्ही विचारा ना' म्हणत. आता मला दिसेल त्याला सांगावंसं वाटतं आहे, आणि मला लाज वाटत नाही. तुम्हालाही सांगते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. पण मी इथं गिंडीला अडकले आहे, आणि तुम्ही कुठंही असलात तरी याहून जवळ असाल.

तिरुवल्लिकेणीला देवळाच्या तळ्यामागं दुसरी गल्ली. तोंडाशी औषधांचं दुकान, त्या दुकानदाराला नाव विचारा. तिथून पाचवं घर, बाहेर हिरवा लाकडी कठडा. जिना अरुंद आहे, अंधारा आहे, हात भिंतीला लावून चढा. डावीकडचं दार. कडी जोरानं वाजवा, सकवारबाईंना ऐकू कमी येतं. त्या दार उघडून ओठांवर बोट ठेवतील, 'पाप्पा झोंपली आहे' म्हणतील. त्यांचं ऐकू नका. त्यांच्यावर रागावूही नका, त्यांचा यात काही दोष नाही, तो माझा आहे, असं माझ्या नावानं सांगा. पण आत जा. झोळीतून तिला उचला. मान सांभाळा. गालाला गार पाणी लावा, तळवे चोळा, 'तुळू, तुळू' म्हणा, ती तुळसीला ओ देत नाही. डोळे उघडून तुमच्याकडे नीट बघते का, तेवढं बघा.

परकं माणूस पाहिलं की ती फार रडते. आजूबाजूची माणसं दारात येतात इतकी. तुम्ही घाबरू नका, तिला सकवारबाईंकडे परत द्यायची घाईही करू नका. तिला रडू द्या. ती रडलीच पाहिजे.